बसलेल्या पतंगाच्या मिशा जातात कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचा मळा आहे. पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीबाहेर मी आजोबांचं जुनं पांढरं धोतर ताणून बांधतो, वर एक दिवा टांगतो आणि रात्री येणारे पतंग बघत बसतो. खरी बघण्याची वेळ मात्र सकाळची. दिवा विझलेला असतो, पतंग जिथल्या तिथे बसलेले असतात. शाळेला जाणारी पोरं, निंदणीला निघालेल्या बाया, पाठीवर फवारणीचा पंप घेतलेले शेजारी, सगळे घडीभर थांबतात. "हाई काय शे रे भो?" इथून सुरुवात होते आणि बोलणं हमखास मिशांवर येतं. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

पतंगाच्या मिशा म्हणजे नेमकं काय?

डोक्यावर, डोळ्यांच्या वरच्या बाजूने निघणाऱ्या दोन दोऱ्या. शाळेच्या पुस्तकात त्यांना शृंगिका म्हणतात. आमच्याकडे सगळे मिशाच म्हणतात, म्हणून इथेही मिशाच लिहितो. नाव मिशा असलं तरी काम मुख्यतः नाकाचं. मादीचा वास, फुलाचा वास, अंडी घालायला योग्य पानाचा वास, हे सगळं पतंगाला मिशांतून कळतं. शिवाय हवेचा झोत आणि उडताना आपलं शरीर कुठे वळलं हेही त्यांच्यातूनच कळतं. ते पुढे सविस्तर येईल.

बसलेल्या पतंगाला मिशा दिसतच नाहीत. तुटलेल्या असतात का?

नाही. त्याने त्या आवरून ठेवलेल्या असतात. दिवसा गाढ विसावलेला पतंग मिशा मागे वळवतो आणि बहुतेक जातींत त्या पुढच्या पंखांखाली जातात. वरून पाहणाऱ्याला नुसतं डोकं आणि पंख दिसतात. हवं तर पतंगाला हात न लावता मान वाकवून बाजूने बघा. डोळ्याच्या मागून निघून पंखाच्या कडेखाली शिरणारी बारीक रेघ सापडते. एकदा ती दिसली की पुढच्या प्रत्येक पतंगावर नजर आपोआप तिथेच जाते.

सगळेच पतंग मिशा पंखांखाली ठेवतात का?

नाही. या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण खरी मजा इथे आहे.

अंगणातल्या कण्हेरीवर येणारा मोठा हिरवा पतंग घ्या. अंगावर हिरव्या-गुलाबी छटांची नक्षी, जणू पालवीचाच तुकडा. याची अळी कण्हेर, तगर, सदाफुली यांची पानं खाते. हा बसला की मिशा अंगालगत मागे जातात, पंखांच्या मुळाशी दडतात आणि पानांत पान होऊन जातात. तिळावर बोटाएवढी जाड अळी दिसते, तिचा पतंगही याच घराण्यातला. तोही तसाच बसतो. घाटेअळीचा आणि लष्करी अळीचा पतंग वेगळ्या घराण्यातले, पण सवय तीच. पंख घराच्या छपरासारखे उतरते आणि मिशा त्या छपराखाली.

ज्वारीच्या खोडकिड्याचा पतंग मात्र निराळा. दादर असो की संकरित ज्वारी, मका असो, हा गवताच्या रंगाचा छोटा पतंग त्या शेतात असतोच. त्याच्या तोंडापुढे चोचीसारखं काहीतरी निघालेलं दिसतं आणि बघणारे म्हणतात, "याच्या मिशा तर पुढे आहेत!" त्या मिशा नव्हेत. ती तोंडाजवळची चाचपणारी अंगं आहेत. मिशा त्याच वेळी पाठीवर, पंखांच्या वरून, सरळ मागे टाकलेल्या असतात. मी स्वतः दोन पावसाळे हीच चूक करत होतो. मग भिंग आणलं आणि प्रश्न मिटला. तोंडापुढचा अवयव डोळ्यांच्या खालून निघतो, मिशी डोळ्यांच्या वरून निघते. एवढं लक्षात ठेवलं तर फसगत होत नाही.

तुरीवरचा पिसारी पतंग इंग्रजी टी अक्षरासारखा बसतो, पंख काडीसारखे दोन्ही बाजूंना ताणलेले. लिंबाच्या कोवळ्या पानावर नागमोडी रेघा ओढणाऱ्या नागअळीचा पतंग तर इतका बारीक की डोळ्याला ठिपकाच दिसतो. लहान पतंगांत एक घराणं असंही आहे, ज्यातले पतंग बसल्यावर दोन्ही मिशा जोडून समोर सरळ धरतात, जोडलेल्या हातांसारख्या. म्हणजे "बसलेला पतंग मिशा मागे घेतो" हा नियम खरा, पण तो बहुसंख्यांचा आहे, सगळ्यांचा नाही.

रात्री दिव्याजवळ बसलेल्या पतंगाच्या मिशा तर बाहेर दिसतात. हे कसं?

कारण तो बसला आहे, पण विसावलेला नाही. रात्री दहाला धोतरावर बसलेला पतंग जागा असतो. त्याच्या मिशा बाहेर, तिरप्या पुढे असतात आणि कधी कधी थरथरतात. तोच पतंग सकाळी सातला त्याच जागी मिशा आवरून बसलेला सापडतो. पतंगाचा "आराम" ही एकच अवस्था नाही, हे मला धोतराने शिकवलं. दिव्याखालचे फोटो पाहून कुणी ठामपणे सांगत असेल की अमुक पतंग मिशा अशाच ठेवतो, तर फोटो किती वाजता काढला ते आधी विचारा.

पतंग झोपतो का? झोपलेला कसा ओळखायचा?

झोपतो. पिठात, रव्यात जाळी धरणाऱ्या अळीचा राखाडी पतंग बऱ्याच घरांतल्या डब्यांत निघतो. त्याच्यावर १९६८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गाढ विसावलेल्या पतंगाच्या मिशा मागे वळलेल्या आणि पंखांनी झाकलेल्या होत्या. अशा अवस्थेत बारीक कुंचल्याने हलकेच पंख उचलला तरी तो जागा झाला नाही.

घरच्या घरी ओळखायचं तर मिशांकडेच बघा. पूर्ण आत असतील तर तो गाढ आहे. टोक बाहेर डोकावत असेल तर अर्धवट. तुमची सावली पडताच मिशा सर्रकन बाहेर आल्या तर तो उठला, आता थांबा. या पायऱ्या मी माझ्या बघण्यावरून सांगतो आहे. प्रत्येक जातीला त्या जशाच्या तशा लागू होतील असा माझा दावा नाही.

पण लपवून ठेवायचं कारण काय?

मला दोन कारणं पटतात आणि दोन्ही एकदम खरी असू शकतात.

पहिलं, मिशी नाजूक आणि एकदाच मिळणारी. पतंग कोषातून बाहेर आला की त्याची वाढ संपते, पुन्हा कात टाकणं नाही. त्यामुळे तुटलेली मिशी परत उगवत नाही. मुंगी, पाल, वारा, घासणारं पान, यांपासून ती वाचवायची तर पंखांच्या आडोशाला ठेवणं बरं.

दुसरं, लपण्याचं सोंग. दिवसा पतंगाचा जीव रंगसंगतीवर टिकतो. बाभळीच्या सालीवर तो साल होतो, सुकलेल्या पानात पान होतो. पण सालीला मिशा नसतात! दोन सरळ दोऱ्या बाहेर आल्या की दयाळ पक्ष्याच्या नजरेला किडा कळलाच. शेतातलं साधं उदाहरण सांगतो. गवतात बसलेला ससा कान पाठीवर पाडून बसतो. उभे कान लांबून दिसतात, हे त्यालाही ठाऊक असतं.

मिशी वळते कशी? तिच्यात स्नायू असतात का?

मिशीचे तीन भाग असतात. डोक्यात रुतलेला बुंधा, त्यावरचा एक छोटा मणी आणि पुढची लांब दोरी. बुंधा हलवणारे स्नायू डोक्यात असतात, मणी हलवणारे बुंध्यात. लांब दोरीत मात्र स्नायूच नसतात. गोफणीची दोरी जशी हाताच्या झटक्याने फिरते, तशी ही दोरी मुळाशी दिलेल्या वळणाने फिरते. त्यामुळे पतंग मिशीची घडी घालू शकत नाही. अख्खी मिशी मुळातून मागे फिरवतो आणि ती जाऊन पंखाखाली बसते. म्हणून मी "मिशा दुमडतो" न म्हणता "मिशा मागे घेतो" म्हणतो.

उडण्याआधी तो मिशा पुढे का आणतो?

हे एकदा तरी डोळ्यांनी बघाच. संध्याकाळी कण्हेरीवरचा पतंग उठतो तेव्हा आधी मिशा बाहेर येतात. मग पंख जागच्या जागी थरथरू लागतात. ही थरथर म्हणजे छातीचे स्नायू तापवणं. मोठ्या पतंगांत छातीचं तापमान ३५ अंशांच्या पुढे जावं लागतं, तेव्हा कुठे उड्डाण जमतं. मिशा पुढे ठराविक कोनात स्थिर झाल्या की तो सुटतो.

मिशांचा उडण्याशी संबंध काय, याचा उलगडा करण्यात एका मराठी नावाचा मोठा वाटा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिलं की मिशीच्या त्या छोट्या मण्यात दोरीची अतिशय बारीक थरथर ओळखणारं इंद्रिय आहे आणि पतंग त्याच्या जोरावर हवेत तोल सांभाळतो. मिशांच्या दोऱ्या कापल्या तेव्हा पतंग धडपडू लागले, आपटू लागले. त्याच दोऱ्या परत चिकटवल्या तेव्हा उड्डाण पुन्हा सुधारलं. चिकटवलेल्या दोरीतून वास येण्याचा प्रश्नच नव्हता. काम झालं ते तिच्या वजनामुळे आणि थरथरीमुळे.

पुढे साने बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये काम करू लागले. तिथे २०१२ साली त्यांच्या गटाने मिशीच्या मुळाशी असलेल्या बारीक ताठ केसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिशी किती पुढे आली, किती मागे गेली, हे त्या केसांना दाब बसल्यावर कळतं. ते केस काढले की उडताना मिशी ठराविक जागी धरता येत नाही. हा अभ्यास कण्हेरीवरच्या पतंगावरच झाला, तुमच्या-आमच्या अंगणातल्या. चोपड्याच्या पोरांना हे सांगतो तेव्हा ती लगेच कण्हेरीकडे धावतात.

ज्यांच्या मिशा पिसासारख्या असतात ते काय करतात?

त्यांची मोठी अडचण आहे! सातपुड्यात ऐन, अर्जुन, बोर या झाडांवर वाढणारा टसर रेशमाचा रानटी पतंग बघा. नराच्या मिशा फर्नच्या पानासारख्या रुंद असतात. एवढा पसारा पंखाखाली सहज मावत नाही. त्यामुळे अशा पतंगांच्या मिशा बसल्यावरही बऱ्याचदा डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात. अंगावर चंद्रकोरीसारखी नक्षी आणि मागे लांब शेपट्या असलेला फिकट हिरवा पतंग कुणी पाहिला असेल, तर त्याच्याही मिशा आठवून बघा.

नराला एवढा पसारा हवा कशाला? मादीच्या वासासाठी. मादी वाऱ्यावर जो वास सोडते त्याचे कण फार थोडे असतात आणि ते पकडायला जाळं रुंद लागतं. १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ ब्युटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचा असा वास पहिल्यांदा शुद्ध करून ओळखला. त्यासाठी सुमारे ५ लाख पतंग लागले, आणि हाती आलेला पदार्थ काही मिलिग्रॅमच. मला हा आकडा दर वेळी थक्क करतो. आपल्याला ५ लाख माद्या गोळा करून जे हाती लागतं, ते एका नराच्या मिशा अंधारात नुसत्या वाऱ्यातून टिपतात.

टसरच्या या पतंगाला कामाचं तोंडच नसतं. अळी असताना खाल्लेल्यावर तो उरलेले दिवस काढतो. फुलाचा शोध नाही, सगळं आयुष्य त्या दोन पिसांच्या भरवशावर.

कपाशीतल्या कामगंध सापळ्याचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गुलाबी बोंडअळीने खान्देशात किती घरांचं गणित बिघडवलं ते वेगळं सांगायला नको. डोमकळ्या, म्हणजे आत अळी शिरल्यामुळे नीट न उमललेली फुलं, बघून पोटात गोळा येतो. या पतंगाचं शास्त्रीय वर्णन १८४३ साली झालं, तेही भारतातल्या कपाशीवरच्या नमुन्यांवरून. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ "कंगवा बाळगणारा" असा आहे, कारण मिशीच्या बुंध्यावर ताठ केसांची कंगव्यासारखी ओळ असते. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं.

दिवसा हा पतंग जमिनीच्या भेगांत, पालापाचोळ्याखाली दडून असतो, मिशा मागे घेऊन. शेतात दिवसभर फिरूनही तो दिसत नाही आणि शेतकऱ्याला वाटतं, यंदा काही नाही. हालचाल रात्री, बरीचशी मध्यरात्रीनंतर. सापळ्यातल्या वडीत मादीच्या वासाची नक्कल असते. नराच्या मिशीला ती सापडली की तो वाऱ्याच्या उलट दिशेने येतो. म्हणून सापळ्यात फक्त नर मिळतात, आणि "माद्या का नाहीत" हा प्रश्न मला दर हंगामात किमान पाच जण विचारतात. माद्या शेतातच आहेत, हाच सापळ्याचा इशारा.

लक्ष ठेवण्यासाठी हेक्टरी ५ सापळे लावतात. सलग ३ रात्री सापळ्यामागे दर रात्री सरासरी ८ पतंग आले की कारवाईची वेळ झाली असं धरतात. वडी बसवताना हाताला तंबाखू, औषध लागलेलं नको. मिशी इतकी बारीक पारख करते की परका वास मिसळणं परवडत नाही.

मिशांवरून फुलपाखरू आणि पतंग ओळखता येतो का?

बराचसा येतो. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला आगकाडीसारखी गाठ असते आणि बसल्यावरही मिशा बहुतेक वेळा पुढे, व्ही आकारात दिसतात. पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी, आणि विसाव्यात मागे. अपवाद आहेत. दिवसा उडणारे, गांधीलमाशीची नक्कल करणारे पट्टेरी पतंग मिशा लपवत नाहीत, उलट मिरवतात. त्यांना दडायचंच नसतं, भीती घालायची असते.

नदीकाठी, धरणावर दिव्याला येणारे काही किडे पतंगासारखेच दिसतात, पण लांब मिशा सरळ पुढे धरतात. ते कोण?

ते पतंग नव्हेत. इंग्रजीतल्या कॅडिसफ्लाय या नावाने ते ओळखले जातात. अळ्या पाण्यात वाढतात, त्यामुळे तापी, गिरणा, अनेरच्या काठी दिवा लावला की यांची झुंबड उडते. पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात, म्हणून बोटाला भुकटी लागत नाही. लांबून फरक करायला मिशांची दिशा पुरेशी होते.

पतंग मिशांनी ऐकतो का?

वटवाघळाची चाहूल घेणारे कान वेगळे असतात. घाटेअळीच्या पतंगात ते छातीवर, खोडकिड्याच्या पतंगात पोटाच्या सुरुवातीला. म्हणून मिशा झाकलेल्या असल्या तरी तो बहिरा नसतो. मोठ्याने बोलू नका असं नाही, पण किल्ल्यांचा जुडगा वाजवू नका. त्या खणखणाटात आपल्याला ऐकू न येणारे बारीक सूरही असतात आणि बरेच पतंग दचकून पडतात.

पतंग मिशा पुसतो का?

हो. पुढच्या पायावर त्यासाठी एक छोटं पातं असतं. पाय मिशीवरून ओढला की धूळ आणि खवले निघतात. आमच्याकडे उन्हाळी वावटळीनंतर हे जास्त दिसतं.

कानबाईच्या (आमच्या खान्देशातल्या देवीच्या) जागरणाला भिंतीवर मोठा तपकिरी पतंग येऊन बसतो, पंखावर घुबडाच्या डोळ्यासारखा ठिपका. त्याला हाकलावं का?

गरज नाही. तो चावत नाही, अंगावर येत नाही. पंख सपाट पसरून बसतो आणि त्या पसाऱ्यात बारीक मिशा शोधाव्या लागतात. पोरांना तेवढं काम दिलं की ओरडाआरडा थांबतो. पंखाची भुकटी डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो हेही खरं नाही. डोळा चुरचुरला तर पाण्याने धुवावा.

मिशांचा चांगला फोटो कसा काढायचा?

पहाटे उजाडल्यापासून तासाभरात. पतंग गार असतो, हलत नाही. वरून काढू नका, पंखच येतील. भिंतीला गाल टेकवून बाजूने काढा, म्हणजे डोळ्यामागची रेघ मिळते. मोबाईलचा झगझगीत फ्लॅश टाळा. कागदाच्या पांढऱ्या तुकड्याने उजेड परतवला तरी भागतं. काडीने मिशी बाहेर काढायचा मोह होतो. एकदा एका पाहुण्याने माझ्या धोतरावर तसं केलं आणि मिशी मुळातून निघून आली. तो पतंग संध्याकाळी थरथरला, पण धोतरावरून उडाला नाही.

आणि फोटो झाले की घाई करा. आमच्याकडे आठ वाजायच्या आत कोतवाल तारेवर येऊन बसतो आणि पांढऱ्या धोतरावरचे पतंग एकेक करून टिपतो. मी त्याआधी धोतर सोडून हलक्या हाताने घाणेरीच्या जाळीत झटकतो. बरेचसे पतंग आतल्या फांदीवर उतरतात, दोन पावलं चालतात आणि मिशा पुन्हा मागे घेतात.